रविवारची पंगत

बऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात एक कापडाचा व्यापारी राहत होता. तापी मिलचा भोंगा अजून गावाला जागं करत होता आणि गल्लीबोळांतून पावरलूमची खटखट चालू असायची, त्या काळातली ही गोष्ट. मागवाल्यांकडून कोरं कापड घ्यायचं, गठ्ठे बांधायचे, लालबागच्या स्टेशनावरून बाहेरगावी रवाना करायचे, हा त्याचा धंदा. माणूस सचोटीचा. मापात खोट नाही, शब्दात फेर नाही, रविवारची उपासना चुकायची नाही. घराणं ख्रिस्ती, मूळ खानदेशातलं. घरात मराठी, दुकानात हिंदी.

त्या घरात दोन वह्या होत्या. एक दुकानाची, दुसरी आहेराची. दुसरी त्याच्या वडिलांनी सुरू केलेली, लाल बासनात गुंडाळून कपाटात ठेवलेली. कुणाच्या लग्नात आपण किती घातले, आपल्याकडच्या कार्यात कुणी काय आणलं, अकरा रुपये, एकवीस रुपये, साडीचोळी, पितळी डबा, सगळं तारीखवार. कार्य निघालं की आधी ती वही निघायची आणि तिच्यावरून यादी व्हायची. ज्याच्या नावापुढे लागोपाठ काही कार्यांत जागा कोरी राहिली, त्याचं नाव पुढच्या यादीतून गळायचं. रागाने कुणी काढत नसे, आपोआप गळायचं.

अशी वही वाईट असते असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे कितीतरी घरांतली लग्नं अशाच वहीच्या आधाराने उभी राहिली. दहा घरांनी थोडं थोडं घातलं, एका घराचं कार्य निघालं, मग ते घर दुसऱ्यांना पुरलं. पण वहीला कड असते. त्या कडेच्या बाहेर माणसं राहतात, आणि वही समोर उघडी असली की ती दिसेनाशी होतात.

एका वर्षी व्यापाऱ्याने घर नवं केलं. जुनं गळकं माळवद काढून वर दिवाणखाना बांधला, खाली फरशी बसवली. पाळकांना बोलावून घरसमर्पणाची प्रार्थना करायची आणि मोठी पंगत घालायची असं ठरलं. संध्याकाळी तो ओसरीवर वही घेऊन बसला. रावेरचे केळीचे व्यापारी, भुसावळचे साडू, जळगावचे मामा, मिलमधले साहेब, नगरपालिकेतले दोघे, बाजारातले आडते. एकेक नाव वाचायचं, पुढचा आकडा पाहायचा, खूण करायची.

आई शेजारी तांदूळ निवडत होती. सत्तरीला टेकलेली बाई. हात थांबवून म्हणाली, "दादा, समोरच्या बोळातला मागवाला आहे का रे त्यात?"

"कोणता?"

"ज्याला ऐकू येत नाही तो."

तीस वर्षं मागांच्या खटखटीत उभं राहून त्या माणसाचे कान गेले होते. पुढे कापसाच्या तुसाने छातीही गेली आणि काम सुटलं.

"त्याचं नाव वहीत नाही, आई."

"म्हणूनच विचारलं."

व्यापारी हसला. "गरिबांना मी देत नाही का? नाताळाला घोंगड्या वाटतो. कुणाला औषधाला पैसे लागले तर नाही म्हणत नाही."

"देतोस. बोलावत नाहीस."

तिने तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. लूककृत शुभवर्तमानाचा चौदावा अध्याय तिला तोंडपाठ होता, पण ती सांगायची आपल्या शब्दांत. "परूशांच्या एका पुढाऱ्याकडे शब्बाथाच्या दिवशी जेवण होतं. प्रभू तिथे जेवायला गेले. पाहुणे मानाच्या जागा हेरत होते ते त्यांनी पाहिलं. आधी पाहुण्यांना समजावलं, शेवटच्या जागेवर जाऊन बसा म्हणून. मग यजमानाकडे वळले. ज्याच्या घरी जेवायला आले त्यालाच सांगितलं, की पुढच्या वेळी मित्रांना, भावांना, नातलगांना, पैसेवाल्या शेजाऱ्यांना बोलावू नकोस. ते तुला उलट बोलावतील आणि फिटाफीट होऊन जाईल. गरिबांना बोलाव, लुळ्यापांगळ्यांना बोलाव, आंधळ्यांना बोलाव. त्यांच्याकडे फेडायला काही नाही, तेच तुझं भाग्य. दादा, ते 'वाट' म्हणाले नाहीत. 'बोलाव' म्हणाले. घोंगडी दारातून देता येते. बोलावलं की माणसाला आत घ्यावं लागतं, बसवावं लागतं, 'आणखी घ्या' म्हणावं लागतं."

या गोष्टीतली शिकवण एवढीच आहे, आणि ती आईने पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकली. कळायला ती सोपी आहे. अवघड होतं ते पुढचं.

"म्हणजे साडूंना, मामांना बोलवायचंच नाही?" व्यापाऱ्याने विचारलं.

"बोलाव की. शनिवारी तुझ्या वहीतली माणसं बोलाव. रविवार मला दे."

कुणी म्हणेल, आईने प्रभूचा शब्द थोडा मवाळ केला. मला तसं वाटत नाही. मामांना दुखवून मागवाल्याला जेवू घातलं असतं तर मागवाल्याच्या ताटात मामांचा राग वाढला गेला असता. तिला तो नको होता. ज्याचं ताट त्याला स्वच्छ मिळावं, एवढं तिला हवं होतं.

तिच्या मागणीमागे एक कारण होतं. तिची आई दुष्काळातली पोर. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, माणसं रस्त्याच्या कडेला पडून मरू लागली, तेव्हा पंडिता रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. भुकेचं राज्य कसं असतं ते रमाबाईंनी कोवळ्या वयात पाहिलं होतं. १८७४च्या सुमारास दुष्काळात वणवण फिरताना त्यांचे आईवडील गेले होते. मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो विधवा आणि मुली आपल्याबरोबर आणल्या. पुण्यात प्लेगचे दिवस, शारदा सदनात इतक्या जणींना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या शेतावर झोपड्या उभ्या केल्या. तिथेच मुक्ती सदन वाढलं. रमाबाईंकडे तेव्हा भरलेली कोठारं नव्हती. प्रार्थना होती, थोडी जमीन होती, आणि येणारीला परत पाठवायचं नाही हा हट्ट. पुढे त्याच ठिकाणी छापखाना चालला, मुलींच्या हातांनी बायबलची पानं छापली गेली.

आमच्या गोष्टीतल्या आईची आई त्या मुलींमधली एक. खानदेशातल्या ख्रिस्ती घरात तिचं लग्न झालं, संसार झाला. आपल्या मुलीला ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची, की पहिल्या दिवशी मला जेवायला वाढलं तेव्हा माझी जात, माझं गाव, माझं नाव, काही विचारायच्या आधी वाढलं.

"माझ्या आईच्या नावापुढे कुठल्या वहीत काय जमा आहे?" ती मुलाला म्हणाली. "काहीच नाही. तिने काही फेडलं नाही. फेडणार कुठून? ते न फेडलेलं जेवण आहे म्हणून मी आहे, म्हणून तू आहेस, म्हणून हा दिवाणखाना आहे."

व्यापाऱ्याने वही मिटली. "घे रविवार," तो म्हणाला. त्याच्या मनात मात्र हिशेब होता, की शनिवारचं उरेल, रविवारी भागेल.

छापील निमंत्रणपत्रिका आल्या तेव्हा आईने त्यांतल्याच काही मागून घेतल्या. दोन दिवस ती नातवाला घेऊन बोळ पालथे घालत फिरली.

मागवाल्याच्या दारात गेली. त्याला ऐकू येईना, पत्रिका वाचता येईना. तिने बोटाने स्वतःचं घर दाखवलं, मग घास तोंडाशी नेल्याची खूण केली, मग त्याच्याकडे आणि त्याच्या बायकोकडे बोट केलं. त्याने पत्रिका उलटीपालटी करून पाहिली आणि परत तिच्या हातात दिली. चुकून आपल्याकडे आली असं त्याला वाटलं. तिने ती पुन्हा त्याच्या हातात ठेवली आणि मूठ मिटवली.

इतवाऱ्याच्या तोंडाशी एक आंधळा म्हातारा बसायचा. लोक येता-जाता पैसा टाकत. आई त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि रविवारी जेवायला यायचं म्हणाली. त्याने विचारलं, "अम्मा, पीछे के दरवाजे से आना है क्या?"

"सामने से, बाबा. मेरा पोता लेने आएगा."

"थाली साथ लाऊं?"

"नहीं, बाबा. आप मेहमान हैं."

म्हातारा बराच वेळ गप्प राहिला. त्याला आयुष्यात अन्न पुष्कळांनी दिलं असेल. कितीला यायचं हे त्याने तिला तीनदा विचारून घेतलं.

विडी वळणारी एक विधवा होती, तीन लेकरांची. बऱ्हाणपुरात विड्या वळून पोट भरणारी घरं पुष्कळ, त्यातलंच तिचं. तंबाखूचं सूप मांडीवर, बोटं सारखी चालू. निमंत्रण ऐकून तिचा चेहरा उतरला. "मावशी, रिकाम्या हातानं कशी येऊ? तुमच्याकडे सगळे काही ना काही घेऊन येतील."

आईने याचा विचार आधीच करून ठेवला होता. "रविवारी आहेर घ्यायचा नाही, असं आमच्या घरात ठरलंय. कुणाचाच नाही. दारात वही घेऊन कुणी बसणार नाही."

खरं तर ते तिने त्या क्षणी ठरवलं आणि घरी येऊन मुलाला सांगितलं. पण माझ्या मते या सगळ्या गोष्टीत तिने केलेलं सर्वांत मोठं काम तेच. ज्याच्याकडे परत द्यायला काही नाही, तो पायरीशी येतो तेव्हा त्याच्या पोटात भुकेच्या आधी लाज असते. घास मागाहून उतरतो, आधी ती लाज उतरवावी लागते, आणि ते यजमानाशिवाय दुसऱ्या कुणाला करता येत नाही.

केळीच्या वखारीवर गाड्या भरायला सातपुड्यातून उतरलेलं एक कोरकू कुटुंब होतं. त्यांनाही पत्रिका दिली. ते हसले, हो म्हणाले, आणि येतील असं कुणालाच वाटलं नाही.

शनिवारची पंगत उत्तम झाली. पाळकांनी प्रार्थना केली, तुपात तळलेल्या बट्ट्या, तुरीचं वरण, घोटलेल्या वांग्याची भाजी, वर गरम मावा जिलेबी. दारात टेबल टाकून व्यापाऱ्याचा मेहुणा वही घेऊन बसला होता, पाकिटं येत होती, आकडे चढत होते. नगरपालिकेतल्या पाहुण्यांच्या शेजारची जागा कुणाची यावरून दोन आडत्यांची बोलाचाली झाली, त्यातला एक जिलेबीला हात न लावता उठला. व्यापारी त्याच्यामागे दारापर्यंत गेला, हात जोडले, आणि परत आला तेव्हा त्याचं स्वतःचं जेवण राहूनच गेलं.

रात्री आचाऱ्याने विचारलं, "शेठ, अर्धं पातेलं वरण आहे, बट्ट्या आहेत. उद्यासाठी झाकून ठेवू?"

"ठेव."

"ठेवू नकोस," आई म्हणाली. "ते आत्ताच वाटून टाक, लोक खातील. उद्या चूल नव्याने पेटेल."

"आई, अन्न चांगलं आहे!"

"चांगलंच आहे. पण ते दुसऱ्या पाहुण्यांसाठी केलेलं आहे. उद्याच्या पाहुण्यांसाठी उद्या करायचं."

बऱ्हाणपूर हे अन्नदान पाहिलेलं गाव आहे. १६३० ते १६३२च्या भीषण दुष्काळात शाहजहान याच गावी तळ देऊन होता. त्याने इथे लंगर उघडायचा हुकूम दिला, आणि दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांत वाटले जात, असं त्याच्या दरबारातल्या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. त्याने जीव वाचले, ते काम लहान नव्हे. पण बादशहा त्या लोकांबरोबर जेवायला बसला नव्हता. पुढे १७०८ साली दक्षिणेकडे जाताना गुरू गोविंदसिंग या गावी थांबले. त्यांच्या आठवणीचा बडी संगत गुरुद्वारा इथे आहे, आणि गुरुद्वाऱ्यातल्या लंगरात थोर-लहान एकाच रांगेत मांडी घालून बसतात. आईच्या मनातली पंगत त्या रांगेच्या जवळची होती. येशूही जेवणाविषयी बोलला तो स्वतः पानावर बसलेला असताना, जकातदारांबरोबर आणि पापी म्हणून हिणवलेल्यांबरोबर जेवतो म्हणून लोकांचे बोल खाऊन.

रविवारी उपासनेनंतर माणसं आली. कोरकू कुटुंबही आलं, म्हातारीपासून तान्ह्या पोरापर्यंत, आणि उंबऱ्याच्या बाहेरच बसलं. आत या म्हटलं तरी हलेना. तेव्हा व्यापाऱ्याची बायको आपल्या दोन्ही मुलांना घेऊन बाहेर त्यांच्याजवळ जाऊन बसली. थोड्या वेळाने ती उठली, म्हातारीचा हात धरला, आणि सगळे तिच्यामागून आत आले. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं.

मागवाला पंगतीत बसला. प्रार्थना चालू असताना त्याला काही ऐकू येत नव्हतं, तो सगळ्यांच्या तोंडाकडे पाहत होता. इतरांनी डोळे मिटलेले पाहून त्याने मिटले, इतरांनी उघडल्यावर बराच वेळ त्याचे मिटलेलेच राहिले. मग त्याची नजर खाली अंथरलेल्या कोऱ्या कापडावर गेली. त्याने त्याची कड चिमटीत धरली, बोटांनी चोळली, उजेडाकडे धरली, आणि एका जागी नख टेकवून व्यापाऱ्याला दाखवलं. ताण्याचा एक धागा तुटलेला होता. गाठ न देता तसाच पुढे विणला होता. इतकी वर्षं कापड हाताळणाऱ्या व्यापाऱ्याच्या नजरेतून ते सुटलं होतं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मागवाला मोकळं हसला. ज्याला घरात परकं वाटतं तो यजमानाच्या अंथरुणातली खोट दाखवत नाही.

आंधळ्या म्हाताऱ्याला आईने पहिल्या पानावर बसवलं होतं आणि मुलाला त्याच्याशेजारी. "बाबांना कुठे काय आहे ते सांग," एवढंच ती म्हणाली. व्यापारी वाकून सांगू लागला. भाजी उजवीकडे, चटणी डावीकडे, मधे बट्टी, ती कुस्करून देऊ का, वरण गरम आहे, सांभाळा. म्हातारा सावकाश जेवत होता. एकेक पदार्थ बोटांनी ओळखून, वास घेऊन. व्यापाऱ्याने आदल्या दिवशी शेकडो ताटांवरून नजर फिरवली होती, कुणाला काय कमी आहे ते पाहिलं होतं. एकाच माणसाच्या ताटाशी इतका वेळ तो कधी बसला नव्हता. जिलेबीचा तुकडा तोंडात घालताना म्हातारा मधेच थांबला.

"बेटा, तुमने खाया?"

व्यापाऱ्याला उत्तर सुचेना. शनिवारच्या इतक्या पाहुण्यांपैकी कुणी त्याला हे विचारलं नव्हतं, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. यजमानाला विचारायची पद्धतच नाही. आईने एक पत्रावळ आणून मुलापुढे मांडली. तो म्हाताऱ्याच्या मांडीला मांडी लावून जेवला.

सोमवारी भांडी मोजली तेव्हा स्टीलचे दोन पेले कमी भरले. व्यापाऱ्याचा सगळा आनंद तेवढ्यावर उतरला. "बघितलंस?" तो आईला म्हणाला.

"शनिवारी किती कमी होते?"

"शनिवारी..." तो थांबला. शनिवारी त्याने मोजलेच नव्हते.

यावर ती काही बोलली नाही. पण त्याला अजून एक विचारायचं होतं, आणि ते मनापासून विचारलेलं होतं. "आई, दुकानात मी माल देतो तेव्हा पैसा येतो. शनिवारी दिलं त्याचं वहीत आलं. हे रविवारचं कुठे लिहू?"

"आपल्या भंडाऱ्याचं पाणी कधी डोंगराकडे परत गेलंय का?" आई म्हणाली.

बऱ्हाणपुरातल्या माणसाला यापुढे सांगावं लागत नाही. १६१५ साली, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, इथे जमिनीखालून पाण्याची वाट खणली गेली. सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपणारं पाणी धरून, विहिरीसारख्या शंभरावर कुंड्या भुयाराने एकमेकींना जोडून, निव्वळ उताराने ते गावापर्यंत आणलं. कुंडी भंडारा त्याचं नाव. तो बांधणाऱ्यांनी ज्यांच्यासाठी पाणी आणलं त्यांतले बहुतेक जन्मलेही नव्हते.

"आणि लिहायचंच असेल," आई पुढे म्हणाली, "तर प्रभूने जागा सांगून ठेवली आहे. नीतिमान लोक पुन्हा उठतील त्या दिवशी."

मी या वचनावर पुष्कळ विचार केला आहे. येशूने फेड नाकारली नाही, ती फार लांब नेऊन ठेवली. मरणाच्या पलीकडे. या जन्मात ती वसूल करायची सोयच ठेवली नाही. नाहीतर आपण गरिबांच्या पंगतीचीही वही काढली असती. कुणी आशीर्वाद किती दिले, कुणी दुआ किती केल्या, धंद्यात बरकत किती आली, याच्या नोंदी ठेवल्या असत्या. पुष्कळ जण ठेवतातच.

म्हणून या गोष्टीत पुढे काही चमत्कार घडत नाही. विडीवाल्या बाईचा मुलगा मोठा साहेब होऊन उपकार फेडायला आला नाही. मागवाल्याचे कान परत आले नाहीत. व्यापाऱ्याचा धंदा रविवारच्या पंगतीमुळे वाढला नाही की बुडाला नाही. पेले सापडले नाहीत. अशा गोष्टींच्या शेवटी भिकारी हा वेष पालटलेला राजा निघतो, ते मला कधीच आवडलेलं नाही. त्यात भिकाऱ्याला दिलेलं जेवण शेवटी राजाच्या खात्यावर जातं आणि खराखुरा भिकारी उपाशीच राहतो. आमच्या गोष्टीतला आंधळा म्हातारा शेवटपर्यंत आंधळा म्हाताराच होता, आणि पाहुणा होता.

वर्ष गेलं. घरसमर्पणाला वर्ष झालं म्हणून प्रार्थना ठरली. आईने अंथरूण धरलं होतं. ओसरीवर बसून व्यापाऱ्याने पत्रिका काढल्या आणि शनिवारच्या पत्रिका नोकराकडून घरोघर पाठवल्या. रविवारच्या हातात घेऊन स्वतः उठला.

मागवाल्याचा बोळ त्याच्या घराच्या समोर. चाळीस पावलांवर. त्या बोळात तो कधी शिरला नव्हता. मागवाल्याची बायको त्याला पाहून गडबडली, बाज झटकून पुढे ओढली, "बैठिए, सेठजी." दुकान उघडायचं होतं, "नहीं, चलता हूं," हे त्याच्या ओठांवर आलं होतं. तोवर तिने चुलीवर चहाचं आधण ठेवलं होतं. मागवाला आतून आला, त्याला ओळखून हसला, आणि बाजेच्या एका कडेला सरकून त्याने जागा दिली. व्यापारी बसला. चहा कपात आला, कपाचा कान तुटलेला होता, चहात दूध जवळजवळ नव्हतं. तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. त्या घरात एका पाहुण्याच्या चहाला काय पडतं याचा अंदाज कापडवाल्याला होता, आणि हे तो कुठल्याही वहीत फेडू शकणार नव्हता.

"अम्मा कैसी हैं?" बाईने विचारलं.

"उठत नाही आता. खुर्चीवर बसवून खाली आणू रविवारी."

तिने हाताने नवऱ्याला ते सांगितलं. मागवाल्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग दोन्ही हातांनी काहीतरी उचलल्याची खूण केली. खुर्ची उचलायला तो येणार होता. छातीच्या त्या खोकल्यासकट. व्यापाऱ्याने मान हलवली.

आंधळे बाबा इतवाऱ्यात राहिले नव्हते. तापीपलीकडे जैनाबादला मुलीकडे गेले होते, चालवत नव्हतं. व्यापारी तिथून निघाला तो टांग्याच्या अड्ड्यावर. एका टांगेवाल्याला बाबांचा पत्ता समजावून सांगितला, रविवारी उपासना सुटायच्या सुमाराला आणायचं, जेवण झाल्यावर परत पोचवायचं, हात धरून उतरवायचं, घाई करायची नाही.

"और भाडा?" टांगेवाल्याने विचारलं.

"वो मैं दूंगा. और तुम भी खाना खाकर जाना." दोन पावलं गेल्यावर तो परत वळला. "घर में कितने लोग हो?"